भिंतीत गेलेला जोड

गेल्या वर्षीच्या याच वार्षिकांकात आमच्या दूरध्वनी कार्यालयातील एका माजी सहकाऱ्यांनी जालन्यात घरोघरी इंटरनेट कसे पोहोचले, यावर लेख लिहिला होता. लेख वाचनीय होता, हे मी आरंभीच मान्य करतो. कारण पुढे मान्य करण्यासारखे फारसे काही उरणार नाही. त्या लेखात मोंढ्याच्या मागच्या वसाहतीतील एका घराची हकिगत आहे. त्या घरचे इंटरनेट रोज सायंकाळी तुटत असे आणि लेखकमहाशयांनी खांबावरचा गंजलेला जोड शोधून काढून ते कायमचे दुरुस्त केले, असे तिथे छापले आहे.

हीच हकिगत त्या घराचे मालक लग्नकार्यांतून निराळ्या प्रकारे सांगतात. त्यांच्या मते त्यांनी कार्यालयात येऊन साहेबांच्या टेबलावर हात आपटला, म्हणून लाईन सुधारली. त्यांच्या धाकट्या बंधूंचे तिसरेच म्हणणे आहे: मूळची वायरच निकृष्ट होती आणि दादाने फुशारकीपायी तिच्यावर नको तेवढे ओझे टाकले. मी या तिन्ही कथा शांतपणे ऐकत आलो. परंतु त्यांतली एक आता छापील झाली आहे, आणि छापील असत्याला वयोमानाने प्रतिष्ठा येते. त्याआधीच खरे काय ते नोंदवणे मला भाग आहे. त्या घरातील ज्या व्यक्तीला विचारायला हवे होते तिला विचारून, आणि नावे बदलून, हे लिहीत आहे.

जालना जिल्हा झाला त्याच वर्षी मी नोकरीला लागलो. माझी बढती, बदली आणि निवृत्तिसमारंभ यांत कोणालाही रस असण्याचे कारण नाही. मी फोन दुरुस्त करणारा माणूस होतो, आणि पुढे त्याच तारांवरून इंटरनेट येऊ लागले तेव्हा तेही दुरुस्त करू लागलो. ‘जुन्या लोकांना नव्या यंत्रांतले काही कळत नव्हते,’ असे एक वाक्य त्या लेखात आहे. यंत्र नवे होते. तार मात्र जुनीच होती, आणि ती तार आम्ही ओढलेली होती.

बाहेरच्या वाचकासाठी थोडा खुलासा करतो. खांबावरून घरात तांब्याच्या दोन बारीक तारा येतात. सुरुवातीचे इंटरनेट या तारांवर फोनच्याच वाटेने चाले. संगणक फोन लावायचा, पलीकडचे यंत्र उचलायचे, आणि दोघे चिरक्या आवाजात बोलत बसायचे. तोवर घरचा फोन अर्थातच गुंतलेला. हसनाबादच्या एका मुख्याध्यापकांनी जिल्ह्याच्या ठिकाणी घर केले आणि पाठोपाठ हे कनेक्शन घेतले. त्यांच्या चिरंजिवांनी एक अख्खी सकाळ इंटरनेटवर काढली. दुपारी व्याही एसटीने घामाघूम होऊन दारात.

“फोन का लागून न्हाई राह्यला? आमच्या घरी रडारड सुरू झाली ना, गुरुजी.”

मुख्याध्यापक मला म्हणाले, “असं यंत्र काय कामाचं? पाहुणे घरी येऊन राह्यले त्याच्यानं.” त्यांना पाहुणे येण्याचे दुःख अधिक होते, असे माझे निरीक्षण आहे.

पुढे ब्रॉडबँड आले. त्यात फोन आणि इंटरनेट त्याच दोन तारांवरून एकाच वेळी चालतात. हे कसे, असे लोक विचारत. तेव्हा मी त्यांना शेतात नेत असे, म्हणजे शब्दांनी. कपाशीत आपण तुरीचे आंतरपीक घेतो. जमीन एकच, पाणी एकच. पण कपाशी खाली राहते, तूर वर जाते, आणि दोन्ही पिके पदरात पडतात. तसेच माणसाचा आवाज तारेवर खालच्या थराने जातो आणि इंटरनेट वरच्या थराने. प्रश्न येतो तो काढणीच्या वेळी. आवाज फोनकडे आणि इंटरनेट मोडेमकडे असे वेगळे करावे लागते. त्यासाठी काड्यापेटीहून थोडी मोठी एक डबी मिळते. तिला फिल्टर म्हणतात; मी गाळणी म्हणत असे. नियम इतकाच, की त्या तारेवर घरात जेवढे फोन असतील त्या प्रत्येकाला ही गाळणी हवी. एकालाही वगळले, तर तो फोन उचलताक्षणी इंटरनेट गडबडते, मोडेमची पकड सुटते, आणि ती पुन्हा बसेपर्यंत माणसाने दिव्यांकडे बघत बसायचे. हा नियम पुढे लागणार आहे, म्हणून वाचकाने ध्यानात ठेवावा.

बिनतारी जाळे, ज्याला सगळे वायफाय म्हणतात, ही आणखी निराळी बाब. लोकांचा घोटाळा इथेच होई. इंटरनेट येते ते खांबावरून. वायफाय फक्त घरातल्या घरात वाटप करते. विहिरीत पाणी आहे का आणि बादलीला भोक आहे का, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. बियाण्यांच्या एका व्यापाऱ्याने खंडेनवमीला तराजू आणि मापे यांच्यासोबत आपल्या नव्या वायफाय यंत्राची पूजा केली. इथवर ठीक. नंतर एवढी महाग वस्तू उघड्यावर नको म्हणून ती लोखंडी कपाटात ठेवली, मागून भोक पाडून तारा आत घेतल्या, आणि कुलूप लावले. तक्रार अशी, की घरात कुठेच रेंज नाही. मी कपाट उघडायला लावले तर यंत्राच्या अंगावर हळदकुंकू आणि वाळलेला झेंडू. त्याच्या लहरी विटांच्या भिंतीतून रडतखडत जातात, लोखंडातून जवळजवळ जातच नाहीत, हे मी त्यांना सांगितले.

ते म्हणाले, “मंग तिजोरीत ठेवू का?”

“तिजोरी कशाची आहे?”

 “ऱ्हाऊ द्या, बाहेरच ठेवतो,” ते म्हणाले.

असो. आता त्या घराकडे वळतो.

घर भगवानरावांचे. पिंपळगाव रेणुकाईकडचे हे शेतकरी कुटुंब. वडिलांनी, ज्यांना सगळे आबा म्हणत, जालन्यात येऊन कापसाचा व्यापार उभा केला. मोंढ्यामागे दुमजली पक्के घर बांधले. त्या घरात फोन बसवणारा मीच. त्या काळी फोनसाठी वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. आबांनी ती पाहिली, आणि फोन आल्यावर पुढच्या दालनात एक आणि आपल्या खोलीत त्याच लाईनवर दुसरा, असे दोन घेतले. गावोगावचे अडते सायंकाळी त्या नंबरावर कापसाचा भाव सांगत. आबा भाव ऐकत, क्षणभर थांबत, आणि किती गाठी घ्यायच्या ते सांगत. पंचक्रोशीत तो नंबर लोकांना तोंडपाठ होता.

आबांच्या पत्नी गेल्यावर दोघा मुलांची वाटणी झाली. पंच बसले. शेत वाटता येते, गोदाम वाटता येते, घरही मधोमध भिंत घालून वाटता येते. फोनचा नंबर वाटता येत नाही. आमच्याकडे व्यापारी घरांत फोनच्या नंबरावरून जेवढी भांडणे मी पाहिली तेवढी विहिरीवरून पाहिली नाहीत. पंचांनी तोड काढली ती अशी: नंबर थोरल्याला, म्हणजे भगवानरावांना, आणि वडील धाकट्याकडे. हे ऐकून आबा काय म्हणाले ते मला माहीत नाही. एवढे माहीत आहे, की वाटणीच्या वेळी बोलाचाली फार झाली. “आता भाव-बिव विचारू नका, तुमचा जमाना गेला,” असे थोरल्याने वडिलांना चारचौघांत सुनावले. त्यानंतर थोरल्याच्या उंबऱ्यावर आबांनी पाऊल टाकले नाही. दोन्ही घरांतल्या माणसांनी एकमेकांशी बोलणे सोडले. दोघेही भाऊ कापसाचाच व्यापार करीत राहिले, त्यामुळे संशयाला खाद्य रोज मिळत होते.

भगवानरावांच्या पत्नी सुनीताताई. विज्ञानाच्या पदवीधर. पुण्याच्या एका कंपनीकडून त्यांना घरबसल्या काम मिळाले होते: परदेशातले डॉक्टर रुग्णांविषयी जे बोलून ठेवत, ते ऐकून टंकलिखित करायचे आणि इंटरनेटवरून परत पाठवायचे. तिकडची सकाळ म्हणजे आपली सायंकाळ. त्यामुळे पाठवण्याची वेळ दिवेलागणीची. त्याच वेळी लाईन तुटे. अर्धे गेलेले पुन्हा पहिल्यापासून पाठवावे लागे आणि उशीर होई. कंपनीने त्यांना कळवले होते, की आता असे पुन्हा झाले तर काम दुसऱ्या कोणाला देऊ.

तक्रार आली तेव्हा मी गेलो. भगवानरावांनी स्वागत केले ते असे: “तुमच्या त्या वायफायमधीच खोट आहे. मी हिला म्हणलं, बंद करून टाक ते काम. कशाला पायजे डोक्याला ताप?”

सुनीताताई शांतपणे म्हणाल्या, “वायफायची खोट न्हाई. मी वायर थेट लावून बघितली. तरी बी जातंय.”

ही परीक्षा त्यांनी मी येण्याआधीच केली होती. बादलीला भोक नाही, हे त्यांनी स्वतः सिद्ध करून ठेवले होते. पुढच्या दालनातला जुना आणि वाटणीनंतर भगवानरावांनी घेतलेला नवा, असे घरातले दोन्ही फोन मी तपासले. गाळण्या मीच लावल्या होत्या आणि त्या ठीक होत्या. मोडेम बदलला. खांबापासून घरापर्यंतची तार बदलली. दुपारी लाईन ठणठणीत. सायंकाळी पुन्हा तुटली.

याच दरम्यान माझे ते सहकारी खांबावर चढले आणि जोड नवा करून उतरले. जोड थोडा गंजला होता, हे खरे. जालन्यात गंजला नाही असा जोड मला तरी माहीत नाही. दुसऱ्या दिवशी लाईन तुटलीच. लेखकमहाशयांच्या लेखात हा दुसरा दिवस नाही. भगवानरावांचे टेबलावर हात आपटणेही त्याच आठवड्यातले. त्याही दिवशी सायंकाळी लाईन तुटली. टेबलाला काही झाले नाही.

मग सुनीताताईंनी मला बोलावले. भगवानराव गोदामावर होते.

“काका, एक सांगू का? फोन वाजला म्हणून जात न्हाई. आमच्यापैकी कोणी उचलला तरी जात न्हाई. दिवसभर किती फोन येतेत, काही होत न्हाई. फक्त दिवेलागणीला घनसावंगीच्या अडत्याचा फोन आला, का जातंय.”

“त्याच्याच फोनला?”

“त्याच्याच. हे उचलतेत, रामराम करतेत, आन् लगेच मोडेमचा दिवा मिचमिचायला लागतोय. भाव सांगून झाला, फोन ठेवला, का थोड्या वेळानं पुन्हा बराबर.”

माझ्या साऱ्या नोकरीत मला कोणा ग्राहकाने दिलेली ही सर्वांत अचूक माहिती. लाईन कशी आहे हे मी माझ्या यंत्राने मोजत होतो. त्या मात्र लाईनवर कोण आहे हे पाहत होत्या. बिघाड तारेत असता तर त्याला घनसावंगीच्या अडत्याशी वैर असण्याचे कारण नव्हते. याचा अर्थ एकच: अडत्याचा फोन आला, की कोणीतरी आणखी एक फोन उचलत होते, आणि त्या फोनला गाळणी नव्हती.

मी विचारले, “या लाईनवर तिसरा फोन कुठे आहे?”

 त्यांनी उठून खोलीचे दार लोटले आणि समोरच्या भिंतीकडे पाहिले. ती वाटणीची भिंत होती.

“आबांच्या खोलीत होता, आधी.”

“तो काढला ना?”

“ह्यांना वाटतंय, काढला.”

आता माझ्या ध्यानात आले. तो फोन मीच जोडलेला. आबांच्या खोलीकडे जाणारी तार ज्या ठिकाणी मूळ तारेला जोडली होती, नेमकी त्याच ठिकाणावरून गवंड्याने भिंत उभी केली होती. जोड भिंतीत गेला. तार तोडलेली कोणी पाहिली नाही. दिसेनाशी झाली, म्हणजे तुटली, असे सर्वांनी धरून चालले. वीस-पंचवीस वर्षे फोनची कामे केल्यावर मी एवढे सांगू शकतो, की दिसत नसलेली तार ही बहुधा चालू असते.

“मंग काय करायचं?” मी म्हणालो. “सोपा मार्ग म्हणजे तिकडचा फोन काढून टाकायचा.”

“न्हाई.” एवढा वेळ हळू बोलणाऱ्या त्या बाई इथे मात्र ठाम बोलल्या. “ह्यांना कळलं, तर म्हणतील, धाकट्यानंच आबांना बसवलंय भाव चोरून ऐकायला. पुन्हा पंच, पुन्हा बोलाचाली. आन् आबांना दुसरं काय राह्यलंय? जल्मभर भाव ऐकला त्यांनी. तेवढा ऐकू द्या.”

“आणि तुमचं काम?”

“ते बी सोडणार न्हाई. मला काम बी पायजे, आन् आबांचा फोन बी राह्यला पायजे. होतंय का दोन्ही?”

होत होते. तिसऱ्या फोनला एक गाळणी लावायची, बस्स. परंतु जोड भिंतीत होता, म्हणजे गाळणी आबांच्या खोलीत जाऊनच लावावी लागणार, आणि धाकट्याच्या घरात शिरायला मला कारण हवे होते. तार बदलताना ती त्यांच्या गच्चीवरून गेली होती. “तार तपासायची आहे,” एवढे सांगून मी आत गेलो. धाकटे बंधू दुकानावर होते. आबा पलंगावर बसून अडकित्त्याने सुपारी कातरत होते. मला त्यांनी लगेच ओळखले.

“या, लाईनवाले. तुमी म्हातारे झाले की.”

“तुम्ही मला मागे टाकलंय, आबा.”

“हिकडं काय काम काढलं? हिकडं तर फोनच न्हाई.”

पलंगाशेजारच्या तिपाईवर टॉवेलाने काहीतरी झाकलेले होते, आणि टॉवेलाखालून वायर भिंतीकडे गेली होती. माझ्या हातचे वायरिंग मला टॉवेलाखालीही ओळखू येते.  त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि सुपारी कातरणे थांबवले.

“सांगणार का तिकडं?”

“मी तार तपासायला आलोय. माणसं तपासायला न्हाई आलो.”

त्यांनी टॉवेल काढला. तोच डायलचा काळा फोन. घंटेच्या वाट्यांत कापूस ठासून भरला होता, त्यामुळे तो वाजत नसे. नुसती टकटक होई. लांब धाग्याचा उत्तम कापूस. तोही त्यांनी निवडून घेतला असणार.

“एक विचारतो,” आबा म्हणाले. “ह्याच्यात लई खरखर येती. सुपात धान्य पाखडल्यावाणी. बोलणं धड कळत न्हाई. आकडा ऐकू येतोय, मागलं-पुढलं जातंय. मला वाटलं, कान गेले. कोणाला सांगू बी शकत न्हाई.”

ती खरखर म्हणजे त्यांच्या सुनेचे इंटरनेट. गाळणी नसलेल्या फोनमध्ये वरच्या थराचा आवाज खाली उतरतो, आणि माणसाला वाटते, आपले कान गेले. त्यांचा फोन तिचे काम तोडत होता आणि तिचे काम त्यांचा फोन बिघडवत होते. दोघांनाही एकमेकांचे कळायला वाव नव्हता, कारण मध्ये भिंत होती. मी हे त्यांना सांगितले नाही. मी निघताना सुनीताताईंनी तशी अट घातली होती. शिवाय सांगितले असते, तर आबांनी तो फोन उचलून बाहेर फेकला असता आणि पुन्हा त्याला हात लावला नसता, हे त्यांना ओळखणाऱ्या कोणालाही पटेल.

“कान ठीक आहेत तुमचे,” मी म्हणालो. “फोन जुना झाला. ही डबी लावतो. खरखर जाईल.”

“खर्चा?”

“डबी आमच्या पिशवीत पडूनच होती.”

“मंग लावा. पण जल्दी करा. धाकटा येईल.”

गाळणी लावली. रिसीव्हर त्यांच्या हाती दिला. त्यांनी तो कानाला लावला आणि बराच वेळ नुसतीच डायल टोन ऐकली.

“साफ आहे,” ते म्हणाले. “बिलकुल साफ.”

त्या सायंकाळी मी बाहेर, दोन्ही घरांच्या मधल्या बोळात, खांबावरच्या तारांच्या पेटीशी थांबलो. काम पुरे झाले की नाही हे पाहायला हवे होते. आमच्याकडे तपासणीचा एक हातफोन असतो. त्याचे चिमटे तारेला लावले की लाईनवरचे ऐकू येते. याविषयी आमच्यात एक रिवाज होता, आणि मी तो आयुष्यभर पाळला: आवाज साफ आहे की नाही तेवढे ऐकायचे, बोलणे ऐकायचे नाही. कान एकच असला तरी ही दोन कामे वेगळी ठेवता येतात. ठेवता येत नाहीत म्हणणाऱ्याने या नोकरीत येऊ नये.

घनसावंगीचा फोन आला. भगवानरावांनी उचलला. पाठोपाठ लाईनवर आणखी एक हलकीशी टक् झाली. अडत्याने भाव सांगितला. सुनीताताईंच्या खिडकीतून मोडेमचा दिवा मला दिसत होता. तो हलला नाही. भगवानरावांनी फोन ठेवला आणि ते मोटारसायकल काढून गोदामाकडे गेले. जाताजाता मला म्हणाले, “सापडला का फॉल्ट?”

“सापडला.”

“काय होतं?”

“जोड,” मी म्हणालो. “गंजला होता.”

हे मी कोणत्या जोडाविषयी बोललो, ते त्यांनी विचारले नाही. त्यांनी हेच पुढे कार्यालयात सांगितले, आणि खांबावर चढून आलेल्या माझ्या सहकाऱ्यांनी ते आपल्या नावावर लावून घेतले. म्हणजे गेल्या वर्षी या अंकात छापलेली कथा हे माझेच वाक्य आहे. मी ते एका घरासाठी तयार केले होते. सर्व जिल्ह्यासाठी नव्हे. ते वापरल्याबद्दल माझा राग नाही. त्यावर स्वतःचा फोटो छापल्याबद्दल आहे.

सुनीताताईंचे काम टिकले. पुढे कित्येक वर्षे त्यांनी ते केले, आणि वसाहतीतल्या इतर मुलींनाही शिकवले. आबा आता नाहीत. दोघा भावांची भिंत अजून आहे. तो बिघाड शोधला कोणी, असा वाद ज्यांना घालायचा असेल त्यांनी माझ्याशीही घालू नये. मी गाळणी लावली. शोधला सुनीताताईंनी.

परंतु त्या सायंकाळचे थोडे राहिले आहे. भगवानराव गेले, अडत्याने केव्हाच फोन ठेवला होता, तरी लाईनवर डायल टोन चालू होती, आणि एखादा फोन उचललेला असल्याशिवाय ती वाजत नाही. म्हणजे आबांनी अजून रिसीव्हर ठेवलेला नव्हता. खरखर गेल्यामुळे त्यांना नुसती डायल टोनही ऐकत राहावीशी वाटत असावी. मी चिमटे काढणार, तोच लाईनवर दुसरी टक् झाली. अलीकडच्या घरातून कोणीतरी फोन उचलला होता.

“आबा, मी सुनीता.”

 वाटणीनंतर या दोघांत एक शब्दही झालेला नव्हता. रिसीव्हर आदळला जाईल, असेच मला वाटले.

“आज भाव बरा निघाला,” त्या म्हणाल्या.

 मग आबांचा आवाज आला, अगदी पूर्वी अडत्यांशी बोलत तसा.

“बरा कशाचा. माल ओला येऊन राह्यला तिकडून. भगवानला म्हणावं, हात लावू नको.”

“सांगते.”

“मी म्हणलं म्हणून सांगू नको.”

“न्हाई सांगत. जेवण झालं का तुमचं?”

इथे मी चिमटे काढले. आवाज दोन्ही बाजूंनी साफ होता आणि माझे काम संपले होते. त्यापुढे त्या लाईनवर काय बोलणे झाले, ते मला ठाऊक नाही. आणि आपल्याला ठाऊक आहे असा ज्या कोणाचा दावा असेल, त्याने तो या अंकातून करू नये.